पौषातली सुपारी

पौषात लग्नं नसतात.
बँडवाले ढोल बासनात बांधतात
आणि भद्रकालीच्या गल्लीत माझी घोडी
भिंतीकडे तोंड करून उभी राहते
महिनाभर.

डॉक्टरीणबाई गायधनी म्हणाल्या,
मन्सूरभाई, आणा की हिलाही.
कश्यपी धरणाच्या काठाला सोय झालीये,
माणसांना तंबू, घोड्यांना दावण, मधे शेकोटी.
मी हसलो. जनावराला कसली आलीये सुट्टी?
पण टेम्पोचं भाडं त्याच देणार होत्या.

फाटकावर पाटी होती:
लीद आपापली उचला.
हौदात पाय घालू नका.
अनोळखी घोड्याच्या मागून जाऊ नका.
शेवटचं वाचून वाटलं,
हे वरातीत लावायला हवं.

तिथले घोडे तालेवार.
देवळालीच्या कॅप्टनचा कुमैत, रेसकोर्सातून निवृत्त,
त्याची झूल माझ्या गोधडीहून जाड.
एक मारवाडी, कानाला कान भिडवून
स्वतःचंच काही ऐकत असल्यासारखा.
डॉक्टरीणबाईंचं तट्टू, खादाड.
आणि आमची सुपारी,
पांढऱ्या अंगावर कातरलेल्या सुपारीएवढे ठिपके,
म्हणून हे नाव. धंद्यालाही बरं,
सुपारी आली की सुपारी निघते.
पायात एक घुंगरू राहून गेलेलं,
काढायचं मी विसरलो होतो.

सोमा बेंडकोळी तिथला राखणदार. त्याने मेखा ठोकल्या,
मी आगाडी बांधली, पिछाडी बांधली,
तोबरा चढवला, हरभरा आणि चिमूटभर गूळ.
वासाने तट्टू खेकसलं.

सूर्य अंजनेरीच्या अंगाला कलला तेव्हा
कुणा पोराने फोटो काढला, फ्लॅश मारून.
सुपारीने मान उचलली.
उजवा पाय, डावा, उजवा,
तीन ठेके, मग गुडघा मोडून सलाम.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी नाही.
नवरदेव नव्हता तिथे, जनरेटरची गाडी नव्हती,
नुसतं पाणी होतं समोर,
आणि हे तिला कोण सांगणार?
मी घुंगरू सोडलं, खिशात टाकलं.

रात्री लोखंड हाताला चावत होतं.
कॅप्टन पागेच्या गोष्टी सांगत होता,
सोमा राखेत रताळी उलटत होता.
तुमचा अनुभव किती, मला विचारलं.
म्हटलं, अब्बा टांगा हाकायचे,
नाशिकरोड ते पंचवटी.
पुढे काय सांगायचं?
टांगा गेला, घोडं उरलं,
त्याला लग्नाला लावलं.

तंबूत डोळा लागेना.
बाहेर चौघांचं फुरफुरणं,
आधी त्यातलं तिचं ओळखू येत होतं,
मग येईना.

पहाटे उठलो तर ती आडवी.
चारी पाय पसरलेले, मान मातीत, ओठ सैल.
नऊ वर्षांत मी हिला आडवी पाहिलेली नाही.
पोटशूळ, मनात आलं. मग पान.
सापाला रात्री पानच म्हणतात आमच्यात.
अनवाणी धावलो दंवातून,
तिच्या कानात ओरडणार
तेवढ्यात सोमाने दंड धरला.
श्श. घोरतेय.

खरंच घोरत होती.
शेजारी कुमैत, जागा,
तिच्याकडे पाठ करून उभा,
चौकीवर नेमल्यासारखा.
एक उभा राहतो तेव्हा दुसरा आडवा होतो,
सोमा म्हणाला, गुरांचंही तसंच.

गल्लीत ती एकटी.
मी तिला खरारा केला, नाल बदलले, औषध पाजलं,
उभा मात्र कधी राहिलो नाही.

तिथेच उकिडवा बसलो.
झोपेत तिचा पाय हलला, मातीत रेघ ओढली,
थांबला, परत ओढली.
कुठल्याच गाण्याचा ठेका नव्हता तो.

माघातली पहिली तारीख सिडकोत आहे,
आगाऊ पैसे घेऊन झालेत.
ऊन आलं, तट्टू ओरडलं, ती उठली,
अंग झाडलं, माझ्याकडे पाहिलं
रोज पाहते तसंच.

पाटी आठवून मी फावडं घेतलं.
लीद उचलली, तिची,
आणि कुमैताचीही.